सापाचे जग निराळे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सापाविषयी बोलणार म्हटल्यावर काहीजणींनी पाय वर घेतले, ते मी पाहिले! भिऊ नका. मी माझ्याच एका चुकीची हकीकत सांगणार आहे.

लहानपणी नागपंचमीला गारुडी दारी येई. मी दुधाची वाटी पुढे करी. नागाने तोंड लावले की आजी हात जोडी. तो पुंगीवर डोलतो, म्हणजे त्याला गाण्याची आवड, हेही आम्ही ठरवून टाकले होते.

पुढे प्राणिशास्त्र शिकले तेव्हा कळले की, सापाला बाहेरचा कान नाही, कानाचा पडदाही नाही. जमिनीची थरथर जबड्यातून त्याच्या आतल्या कानाला पोचते. हवेतला खालच्या पट्टीतला आवाज तेवढा थोडाफार कळतो. हलत्या पुंगीवर तो नजर ठेवून असतो. आम्ही ज्याला डोलणे म्हणत होतो, ती त्याची सावधगिरी होती.

आणि ती लवलवणारी जीभ! आपल्याला ती धमकी वाटते. पण ती त्याची वास घेण्याची रीत. जीभ गंधाचे कण टिपते आणि टाळूतल्या खास इंद्रियाकडे पोचवते. ती दुभंगलेली, म्हणून वास डावीकडचा की उजवीकडचा हेही त्याला उमगते. आपल्या सह्याद्रीतल्या चापड्याला तर डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगी असते. तिच्यामुळे काळोखातही उंदराच्या अंगाची ऊब त्याला जाणवते. आपण मात्र दिवा शोधत बसू!

मग दुधाचे काय? साप मांसाहारी, दूध त्याचे अन्न नव्हे, ते त्याला बाधते. पंचमीआधी नागाला मुद्दाम तहानलेला ठेवीत, म्हणून तो दुधाला तोंड लावी. माझ्या हातची ती वाटी आठवली की आजही मन खाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर नाग पकडून खेळवणे हा गुन्हा ठरला. पण घरातली समजूत आपणच बदलायला हवी.

आमची माया खोटी नव्हती; ती आमच्या मापाची होती, त्याच्या नव्हे. पंचमीला पाटावर चंदनाचा नाग काढावा, मनोभावे पुजावा. नातवंडांनी विचारले, "खरा नाग कुठे आहे?" तर सांगावे, "तो आपल्या घरी सुखात आहे."