घारापुरीची राहिलेली सहल

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या पहिल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, शाळेच्या सभागृहात केलेलं भाषण. दुसऱ्या दिवशी १९९६ सालच्या दहावीच्या तुकडीची घारापुरीला सहल होती.)



मला दिलेला विषय अगदी साधा आहे, उद्याच्या सहलीच्या सूचना. मघाशी एकाने विचारलं, "सूचना ऐकल्या नाहीत तर अजून फळ्यावर नाव लिहिणार का?" त्या फळ्याबद्दल मला शेवटी बोलायचं आहेच. आधी सूचना.

सहल आखायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. ज्याला एक्सेलची शीट करता येते त्याला जगातलं काहीही आखता येतं, अशी आपल्या ग्रुपवर समजूत आहे. मीही ती समजूत खरी मानून महिन्यापूर्वी एक शीट ग्रुपवर टाकली. डोंबिवलीहून निघण्यापासून घरी परत येईपर्यंतच्या वेळा, मिनिटांसह. त्यावर सत्तावीस अंगठे आले. मला वाटलं, काम झालं.

त्या शीटमधलं जे टिकलं ते आधी सांगते.

रविवार का, असं अनेकांनी विचारलं. गर्दी टाळायला सोमवारी जाऊ, असंही सुचवलं गेलं. पण सोमवारी लेणी बंद असतात. एवढा समुद्र ओलांडून बंद दारापर्यंत जाण्यात अर्थ नाही. म्हणून रविवार, पण सकाळची पहिली लाँच. गेटवेहून साधारण नऊपासून लाँचेस सुटायला लागतात आणि घारापुरीला पोचायला तासभर लागतो. अंतर दहा-अकरा किलोमीटरच आहे, पण या लाँचेस सावकाश चालणाऱ्या आहेत.

लवकर जाण्याचं आणखी एक कारण भूगोलाच्या सरांना आवडेल. खारे वारे आणि मतलई वारे आपण पाठ केले होते. जमीन तापली की दुपारी समुद्राकडून खारा वारा जोर धरतो आणि लाँच हलायला लागते. ज्यांना बोट लागते त्यांनी सकाळच्या शांत पाण्यात जाऊन घ्यावं आणि दुपारी फार उशीर करू नये. बेटावरून शेवटची लाँच संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सुटते. पर्यटकांना तिथे रात्री राहता येत नाही. आपण दोनच्या सुमारास परत निघणार आहोत.

आणि मेगाब्लॉक! डोंबिवलीच्या माणसाने रविवारची सहल समुद्रापासून नाही, मध्य रेल्वेपासून आखायची असते. ब्लॉक साधारण अकराच्या सुमारास सुरू होतो आणि चारच्या आसपास संपतो. आपण त्याच्या आधी पोचतो आणि तो संपल्यावर परत निघतो. मधला वेळ समुद्रावर आणि बेटावर. सगळ्या शीटमध्ये मला सर्वात जास्त अभिमान याच ओळीचा आहे.

लाइफ जॅकेटबद्दल मात्र गंमत नको. डिसेंबर २०२४ मध्ये याच मार्गावर नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून प्रवासी लाँच बुडाली आणि त्यात माणसं गेली, हे आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. आपल्यातल्या दोघांनी त्याच कारणाने येणार नाही असं कळवलं होतं. मी त्यांना आग्रह केला नाही. लाँचवर पाय ठेवल्यापासून उतरेपर्यंत सगळ्यांनी जॅकेट घालायचं, नाड्या बांधून, आणि लाँच भरलेली दिसली तर पुढच्या लाँचसाठी थांबायचं, एवढं ठरवलं. मग दोघांनीही होकार दिला. तेव्हा फोटो चांगला येत नाही म्हणून उद्या कुणीही जॅकेट काढायचं नाही.

आता जे चुकलं त्याबद्दल.

शीट टाकल्यावर दोन दिवसांनी आपल्या चित्रकलेच्या बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "अगं, तुझा तक्ता पाहिला. धक्क्यापासून लेण्यापर्यंत वीस मिनिटं लिहिलीस. ती कुणाची वीस मिनिटं?"

मला उत्तर देता येईना. ती माझी वीस मिनिटं होती. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, तिची अडचण नाही. पण पुढे सुमारे १२० पायऱ्या आहेत. बाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं दुखणं आपल्याला माहीत आहे. मी म्हटलं, "बाई, तिथे डोली मिळते. चार जण खुर्चीतून वर नेतात."

बाई म्हणाल्या, "चार जणांच्या खांद्यावरून जायची वेळ एकदा यायचीच आहे. तिची रंगीत तालीम नको. तुम्ही जाऊन या, मी गेटवेवर चहा पीत बसते."

त्यांनी ते हसत सांगितलं, पण फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की माझ्या तक्त्याने बाईंना सहलीतून वगळलं होतं. ऑफिसात आम्ही एखादी प्रणाली करतो तेव्हा सगळं सुरळीत चालणाऱ्या माणसासाठी ती आधी चालवून बघतो, आणि तिथेच खूश होतो. तक्रार येते ती नेहमी दुसऱ्या कुणाकडून.

म्हणून मी एका मंगळवारी रजा टाकून एकटी घारापुरीला गेले आणि पायऱ्या मोजत, थांबत चढले. दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, माळा, दगडी हत्ती, टोप्या. बऱ्याच ठिकाणी वर कापड ताणलेलं असल्याने सावली आहे. दर वीसेक पायऱ्यांवर थांबायला जागा मिळते. दुकानदार बसायला स्टूलही देतात. थांबत थांबत मला चाळीस मिनिटं लागली. खरी अडचण वेगळ्याच ठिकाणी निघाली. लाँचेस कधी कधी एकीला एक लावून उभ्या असतात आणि एका लाँचवरून दुसरीवर पाय टाकून जावं लागतं. तिथे खलाशी दंडाला धरून अलगद उतरवतात, पण मागून घाई करणारे लोक नकोत. म्हणून उद्या आपण सगळ्यात शेवटी चढायचं आणि शेवटी उतरायचं.

नव्या तक्त्यात पायऱ्यांसाठी एक तास आहे. तो सगळ्यांसाठी आहे. मी बाईंना कळवलं, "आम्ही सगळेच दर वीस पायऱ्यांना थांबणार आहोत, पन्नाशी जवळ आली आहे आमची." बाई येत आहेत. डोलीचं काय ते त्या पायथ्याशी ठरवतील. ते काम करणाऱ्यांचं पोट त्यावर आहे, हेही मी त्यांना सांगितलं. त्यावर त्या "बघू" एवढंच म्हणाल्या.

दुसरा फोन आपल्या एका मैत्रिणीचा होता. ती इथे समोर बसली आहे. तिच्या परवानगीने सांगते आहे, नाव मात्र सांगणार नाही.

ती म्हणाली, "छान आखलं आहेस. माझं घारापुरी पहिल्यांदाच होणार."

मी म्हटलं, "पहिल्यांदा कसं? नववीत आलीच होतीस की. लाँचमध्ये माझ्या शेजारी होतीस."

"तुझ्या शेजारी बसायचं ठरलं होतं," ती म्हणाली. "मी आले नव्हते."

इतकी वर्षं मी तिला त्या लाँचमध्ये पाहत आले होते. ती तिथे नव्हतीच. तिने ताप आल्याचं सांगितलं होतं. ताप नव्हता, घरी साठ रुपये नव्हते. त्या वर्षी तिच्या वडिलांची कंपनी बंद पडली होती. आणि मी वर्गप्रमुख म्हणून रोज सकाळी वर्गणी न दिलेल्यांची नावं फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची. माझं अक्षर चांगलं होतं, त्याचाही मला अभिमान होता. एकेक नाव कमी होत गेलं आणि शेवटी तिचं एकटीचं उरलं. तेव्हा ती मला म्हणाली होती, "पुसून टाक, मला यायचं नाही." आणि मी पुसलं. का, हे विचारलं नाही.

मी फोनवर माफी मागितली. ती म्हणाली, "माफी राहू दे. मला वरच्या डेकवर कडेची जागा दे." वर बसायला थोडे पैसे जास्त पडतात. उद्या ती जागा तिची आहे, कुणी रुमाल टाकू नये.

म्हणूनच या वेळी वर्गणीचा आकडा ग्रुपवर आला नाही आणि कुणी दिली, कुणी नाही याची यादीही आली नाही. एक बंद पेटी ठेवली होती. ज्याने त्याने आपल्या सोयीने पाकीट टाकलं, नाव न लिहिता. आज दुपारी दोघांनी मिळून पैसे मोजले. खर्च भागून काही रक्कम उरते आहे. ती या वर्षीच्या नववीच्या सहलीसाठी शाळेकडे द्यावी, असं मी सुचवते. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे. अट एकच आहे. कुणाचे पैसे त्यातून भरले, हे वर्गात कळता कामा नये.

आता थोडं लेण्यांविषयी, कारण नववीत आपलं निम्मं लक्ष डब्याकडे होतं.

बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर आधी काहीच दिसत नाही. दोन मिनिटं उभं राहा, डोळे सरावू द्या. मग समोर भिंतीत ती त्रिमूर्ती हळूहळू दिसायला लागते, सुमारे अठरा फूट उंच. सहाव्या शतकाच्या मध्यावर कोरलेली, असं अभ्यासक मानतात. तीन तोंडं असली तरी ती एकट्या शिवाची आहे. आपल्या डाव्या हाताचा चेहरा उग्र, मिशीवाला. उजव्या हाताचा सौम्य, कमळ धरलेला. मधला अगदी शांत. बाईंनी आपल्याला तिन्ही चेहरे काढायला बसवलं होतं आणि सगळ्या मुलांनी आधी मिशीवाला काढला होता. त्रिमूर्तीच्या एका बाजूला अर्धनारीश्वर आहे, दुसऱ्या बाजूला गंगाधर. तेही चुकवू नका. मूर्तींचे हातपाय बऱ्याच ठिकाणी तुटलेले आहेत, तरी १९८७ साली युनेस्कोने या लेण्यांना जागतिक वारसा म्हटलं.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं, तो बेटावर शोधू नका. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, त्यात तो तुटला. पुढे जोडून उभा केला. आज तो भायखळ्याला जिजामाता उद्यानाच्या आवारात आहे.

बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर ही तीन गावं आहेत. आपण नववीत गेलो तेव्हा तिथे सरकारी वीज पोचली नव्हती. ती पोचली फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकून. दुकानातून काही घेताना हे लक्षात असू द्या, फार घासाघीस करू नका. आणि हातात खाऊची पिशवी धरू नका. तिथली माकडं आपल्या वर्गातल्या मुलांपेक्षा चपळ आहेत.

उद्या सकाळी साडेसहाला स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी जमायचं आहे. येताना टोपी, पाणी, औषधं आणा. पायात घट्ट बसणाऱ्या चपला किंवा बूट घाला. हजेरी मी घेणार आहे, पण वहीत. उशीर होणार असेल तर फोन करा, आम्ही थांबू. पहिली लाँच गेली तर दुसरी असते.