एका दुकानाचे दोन कायदे



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी आम्हां मास्तरांस आपण दोन शब्द बोलावयास सांगितलेत, याबद्दल आभारी आहोत. विषय कायद्याचा, म्हणून रुक्ष वाटेल. पण तो प्रत्येकाच्या उंबऱ्याशी उभा आहे.

आपल्या गोव्यातील दिवाणी कायद्याचे मूळ पोर्तुगालच्या १८६७ च्या संहितेत आहे. तिच्यावर छाप फ्रान्सच्या १८०४ च्या संहितेची. १८७० मध्ये ती येथे लागू झाली. १९६१ मध्ये पोर्तुगीज गेले. परंतु आपल्या संसदेच्या १९६२ च्या कायद्याने ती चालू राहिली. नवल असे, की पुढे खुद्द पोर्तुगालने १९६६ साली नवी संहिता केली. माहेरी मोडलेली रीत सासरी टिकावी, तसे झाले! वारशाचा भाग आता गोव्याच्याच २०१२ च्या कायद्यात आला आहे. तरी मुलगा-मुलगी समान, हे तत्त्व कायम आहे. १९३७ चा शरियत कायदा येथे लागू नाही. म्हणून गोव्यातील मुसलमान मुलीलाही भावाइतकाच वाटा मिळतो.

आता घरचीच गोष्ट सांगतो. आमचे अब्बा गोव्याचेच रहिवासी. ते २०१४ साली वारले. अम्मा आधीच गेल्या होत्या. मागे मडगावचे घर आणि बेळगावचे दुकान. वारस आम्ही आणि आमची धाकटी बहीण. घर निम्मे-निम्मे झाले. दुकान मात्र गोव्याबाहेरचे, तेथे शरियत चालते, असे वडीलधाऱ्यांनी सांगितले. बहिणीस एक तृतीयांश दिले. ती काही बोलली नाही. आम्हीही खोलात शिरलो नाही. कारण उघड आहे, फायदा आमचा होता.

सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका मिळकतीच्या खटल्यात निर्णय दिला: ही संहिता आता भारताचाच कायदा आहे, आणि गोव्याच्या रहिवाशाची मिळकत भारतात कोठेही असो, वारसा याच कायद्याने ठरेल. निकाल वाचला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी बहिणीच्या घरी गेलो आणि उरलेला हिस्सा तिच्या नावे करून दिला. ती म्हणाली, "भाईजान, मला ठाऊक नव्हते. तुम्ही तर शिकलेले!"

हे शब्द आम्हांस कोणत्याही निकालाहून जड गेले. म्हणून विनंती एवढीच: वाटणीच्या कागदावर सही घेण्यापूर्वी जाणत्या वकिलास विचारा, आणि घरातील लेकीबाळींना तो वाचून दाखवा.