'दोन मिनिटांत आलोच': निळ्या पार्किंगबद्दल थोडं मोकळेपणाने

कुणी लोकलमध्ये ऐकत असेल, कुणी भांडी घासताना, कुणी गाडी चालवताना. गाडीत असाल तर आजचा भाग खास तुमच्यासाठी. विषय आहे पार्किंग, आणि त्यातही ती निळी जागा, जमिनीवर व्हीलचेअरचं चित्र रंगवलेली. मॉलमध्ये, हॉस्पिटलमध्ये, मल्टिप्लेक्समध्ये ती बऱ्याचदा रिकामी दिसते. मग मनात येतं, 'इथे तर कुणीच येत नाही. दोन मिनिटं लावू या की.'

मी स्वतः व्हीलचेअर वापरते आणि कारही चालवते. माझ्या गाडीचे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताने चालतात, स्टिअरिंगजवळच्या एका दांड्याने. म्हणजे या विषयात मी काही तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते.

सगळ्यात आधी गणित. घाबरू नका, चौथीचं आहे. आपल्याकडे साधारण कारची जागा अडीच मीटर रुंद आखतात. मध्यम आकाराची कार असते सुमारे पावणेदोन मीटर. उरले पाऊण मीटर, म्हणजे गाडी बरोब्बर मध्ये लावली तर दोन्ही बाजूंना जेमतेम पस्तीस-चाळीस सेंटिमीटर. तुम्ही दार अर्धवट उघडता, पोट आत घेता, तिरके होता आणि बाहेर पडता. मला तिरकं होता येत नाही. माझी व्हीलचेअरच साठ-पासष्ट सेंटिमीटर रुंद आहे. मला दार पूर्ण उघडावं लागतं, शेजारच्या सीटवरून खुर्चीचा सांगाडा बाहेर काढावा लागतो, त्याला चाकं लावावी लागतात, खुर्ची सीटला चिकटवून उभी करावी लागते आणि मग हातांच्या जोरावर स्वतःला उचलून तिच्यात टाकावं लागतं. सरावाने हे सगळं पाच मिनिटांत होतं. पण त्याला जागा लागते.

म्हणून तर नियमात ती जागा मोठी आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नमुना बांधकाम नियमांमध्ये स्पष्ट लिहिलंय, की इमारतीच्या प्रवेशदाराजवळ निदान दोन गाड्यांची जागा दिव्यांगांसाठी ठेवायची, तिची रुंदी कमीत कमी ३.६ मीटर हवी आणि दारापासूनचं अंतर ३० मीटरच्या आत हवं. हा जास्तीचा १.१ मीटर म्हणजे लाड नाहीत. ते माझं दार आहे. आणि जवळची जागा 'व्हीआयपी' म्हणून दिलेली नसते. कुबड्यांवर चालणाऱ्या माणसाला शंभर मीटर म्हणजे काय, हे एकदा त्याच्यासोबत त्याच्या वेगाने चालून बघा.

आता त्या जास्तीच्या पट्ट्यात काय होतं माहितीये? बाईक लागते. आपल्याकडची ही खासियत. कारवाला एक वेळ विचार तरी करतो. बाईकवाल्याला वाटतं, 'गाडीच्या जागेत मी नाहीच, बाजूच्या रिकाम्या पट्टीत आहे, कुणाला काय त्रास!' एकदा मी रात्रीचा शो बघून खाली आले, तर माझ्या दाराला अगदी खेटून एक बाईक उभी. हँडल लॉक. सिक्युरिटीच्या काकांनी दोन-तीनदा गाडीचा नंबर पुकारला. शेवटी दोघा-तिघांनी मिळून ती उचलून बाजूला ठेवली. तोपर्यंत पाऊण तास गेला होता. मालक आला, हसला आणि म्हणाला, "सॉरी ताई, दोनच मिनिटांसाठी लावली होती." राग आला, पण रागापेक्षा वेगळं काहीतरी जास्त लागलं. माझी गाडी समोर, किल्ली हातात, गाडी मला उत्तम चालवता येते, आणि तरी मी घरी जाऊ शकत नव्हते. अपंगत्व माझ्या पायांत आहेच, पण त्या पाऊण तासात ते त्या बाईकमध्ये जास्त होतं.

जागा अडवणारे लोक वाईट असतात असं मला वाटत नाही, खरंच. आपल्याकडे पार्किंगची बोंब आहे हे मलाही दिसतं. पण ठरलेली तीन वाक्यं मी इतक्यांदा ऐकलीत, की त्यांची उत्तरं आज इथेच देऊन टाकते.

पहिलं वाक्य, "जागा रिकामीच होती." अहो, रिकामी असणं हेच तिचं काम आहे. फायर ब्रिगेडची गाडी स्टेशनात नुसती उभी असते, म्हणून ती आपण भाजी आणायला नेतो का? तुम्हाला एक जागा भरलेली दिसली तर दुसरी शोधता येते. माझ्यासाठी दुसरी नसते. ती भरलेली असली की मी गाडी वळवते आणि घरी जाते. त्यामुळेच मग तुम्हाला वाटतं, की इथे कुणी येतच नाही.

दुसरं, "दोन मिनिटांत आलोच." ती दोन मिनिटं कुठली, हे मला बाहेरून कळत नाही. मी थांबायचं की जायचं?

तिसरं, "माझ्या आजीची गाडी आहे, तिला गुडघ्याचा त्रास आहे." आजी गाडीत असेल तर बोलणंच संपलं. पण आजी घरी मालिका बघत असेल आणि नातू एकटाच शूज घ्यायला आला असेल, तर नाही. सवलत गाडीला नसते, माणसाला असते. ब्रिटनमध्ये यासाठी 'ब्लू बॅज' असतो. तो व्यक्तीच्या नावावर मिळतो आणि दुसऱ्यानेच वापरला तर १,००० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियात असलेल्या आपल्या श्रोत्यांना माहीतच असेल, तिथे अशा जागेत बेकायदा गाडी लावल्याचा दंडच २५० डॉलरपासून सुरू होतो.

आणि आपल्याकडे? आपला दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, लागू झाला एप्रिल २०१७ मध्ये. चांगला कायदा आहे. बस स्टॉप, रेल्वे स्टेशन आणि विमानतळांवरच्या सोयींच्या यादीत त्यात पार्किंगचा उल्लेख आहे. पण 'राखीव जागा अडवली तर अमुक इतका दंड' असं थेट कलम त्यात नाही. ब्लू बॅजसारखं देशभर चालणारं पार्किंगचं कार्डही आपल्याकडे नाही. यूडीआयडी कार्ड आहे, पण ते ओळखपत्र. काचेवर लावायचा व्हीलचेअरचा स्टिकर तर कुणीही विकत आणू शकतो. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, त्यातले काही सक्तीचे करा. म्हणजे रॅम्प काय, पार्किंग काय, ही कुणाच्या चांगुलपणावर सोडायची बाब नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. ही तुमच्यातल्या जागरूक मंडळींसाठी. समजा एक तरुण मुलगा निळ्या जागेत गाडी लावून दोन पायांवर चालत निघाला. लगेच मोबाइल काढून व्हिडिओ करू नका. २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात ७ होते. या २१ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, हिमोफिलिया आहे, थॅलसेमिया आहे, सिकलसेल आहे. यातलं बरंचसं बाहेरून दिसत नाही. इंग्लंडने तर २०१९ मध्ये न दिसणाऱ्या अपंगत्वासाठीही ब्लू बॅज खुला केला. त्या निळ्या चित्रातला माणूस खुर्चीवर बसलाय म्हणून गोंधळ होतो. ते चित्र १९६८ मध्ये सुझान कोफोएड नावाच्या एका डॅनिश विद्यार्थिनीने काढलं. तिच्या मूळ चित्रात फक्त खुर्ची होती, डोकं नंतर जोडलं गेलं. चित्र आहे ते, तपासणीची अट नाही. "तुम्ही दिसत तर चांगले आहात" हे वाक्य ऐकून रडवेली झालेली माझी एक मैत्रीण आहे. तिला दर दहा पावलांनी थांबावं लागतं.

मग विचारायचंच नाही का? विचारा, पण साधं. "ही जागा दिव्यांगांसाठी आहे, तुमच्या लक्षात आलंय ना?" एवढंच. समोरचा "हो, मला लागते" म्हणाला की विषय संपला. पुरावा मागायचा अधिकार तुम्हाआम्हाला नाही. आणि सिक्युरिटीच्या काकांवर ओरडू नका. मोठ्या गाडीतला माणूस त्यांना "तू मला शिकवणार?" म्हणतो, तेव्हा त्यांच्या पाठीशी कुणी नसतं. तक्रार करायची तर मॅनेजरकडे करा, लेखी करा, जागेचा आणि गाडीच्या नंबराचा फोटो जोडा. माणसाच्या चेहऱ्याचा नको. रस्त्यावरची जागा असेल तर ट्रॅफिक पोलिसांना कळवा. आणि एखादी इमारत अशी जागा ठेवतच नसेल, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, त्यांचं कार्यालय पुण्यात आहे.

अजून एक, जे नेहमी राहून जातं. आपल्याकडे कार असलेले दिव्यांग थोडे. बरेच जण मागे दोन जास्तीची चाकं लावलेली स्कूटर चालवतात. ती दोन साध्या स्कूटरच्या मध्ये मावत नाही आणि कारच्या पार्किंगमध्ये तिला कुणी घेत नाही. "टू-व्हीलर तिकडे, बेसमेंटला," असं सांगतात. बेसमेंटला लिफ्ट नसते. तुमच्या कॉलेजमध्ये, ऑफिसमध्ये, सोसायटीत अशी एखादी स्कूटर असेल, तर तिच्यासाठी लिफ्टजवळ एक रुंद चौकोन आखून द्या म्हणून अर्ज करा. एक डबा पिवळा रंग आणि कमिटीतल्या कुणाचा तरी अर्धा तास, एवढाच खर्च.

तर या आठवड्यात एक काम. जिथे रोज गाडी लावता, तिथे निळी जागा आहे का बघा. असेल तर तिच्यात आत्ता काय उभंय ते बघा. बाईक, कुंड्या, तुटक्या खुर्च्या, जनरेटर, मी सगळं पाहिलंय. जे दिसेल ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. आणि कुणाला सांगून ती जागा मोकळी झाली असेल, तर ते आधी पाठवा. पुढच्या भागात तेच ऐकवू. भेटूच!