घण कोणी मारला?

(धाराशिव जिल्ह्यातल्या बायकांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

हातात सुरी घेऊन बोलायला उभी राहिलेली बाई पाहून पुढच्या रांगेतल्या दोघीतिघी आत्ता हसल्या. हसा. मला सवय आहे. मी घरी सुऱ्या बनवते असं कळलं की येणारेजाणारे आधी माझ्या नवऱ्याकडे बघतात आणि म्हणतात, "सांभाळून राहा हो!" हेच एखाद्या पुरुषानं सांगितलं असतं तर "वा, छान छंद आहे" म्हणाले असते. बाईच्या हातातली सुरी भाजी चिरत असते तोवर कुणाला दिसत नाही. ती तिनं घडवली म्हटलं की लगेच भीती वाटते. आपल्या बोलण्यात कामाच्या अवजारालाही हत्यार म्हणतात आणि शस्त्रालाही. कायद्यानं मात्र फरक केला आहे. केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू १९५९च्या शस्त्र अधिनियमानं शस्त्रांत धरलेल्या नाहीत. विळी, खुरपं, भाजीची सुरी ही आपली अवजारं आहेत. तेव्हा निर्धास्त ऐका.

या नादाला मी कशी लागले ते सांगते. आमचं गाव सास्तूरच्या बाजूचं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला त्यात आमचं दगडमातीचं घर बसलं. ढिगाऱ्यातून जे हाती लागलं त्यात सासूबाईंची इळी होती. पाट मोडलेला, पातं वाकलेलं. आधी पत्र्याच्या शेडमध्ये आणि मग नव्या घरात ती माझ्याबरोबर आली, पण वापरात कधी आली नाही. शाळेतली नोकरी संपल्यावर एकदा माळा आवरताना ती पुन्हा हातात आली. गावाबाहेर घिसाड्यांचं पाल पडलं होतं. इळी घेऊन मी तिकडे गेले.

तुम्ही सगळ्यांनी हे दृश्य पाहिलेलं आहे. रस्त्याच्या कडेला पाल, जमिनीत रोवलेली ऐरण, कोळशाची भट्टी. नवरा बसून सांडशीत लालभडक लोखंड धरतो आणि लहान हातोड्यानं जागा दाखवतो. समोर बाई उभी राहून दोन्ही हातांनी घण उचलते आणि नेमका त्या जागी मारते. घण पाच-सहा किलोचा. लोखंड लाल आहे तोवरच ऐकतं, म्हणून दम खायला वेळ नसतो. जवळच झोळीत मूल. आपण येताजाता हे बघतो आणि म्हणतो, "लोहार काम करतोय."

इळी त्यांनी सरळ करून दिली. मी मात्र तिथंच रेंगाळले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही. त्या घण मारणाऱ्या बाईंना मी मावशी म्हणू लागले. "मला शिकवाल का?" म्हटल्यावर त्या खूप हसल्या. म्हणाल्या, "गुरुजीन बाई, तुमाला काय कमी हाय म्हून ह्या जाळात पडताव?"

घरामागं पत्र्याखाली मी माझी भट्टी मांडली. ट्रकचा जुना ब्रेक ड्रम, आतून मातीचा लेप, वाऱ्याला हातानं फिरवायचा पंखा. ऐरण म्हणून भंगारातला जाड ठोकळा. सुरीसाठी ट्रकच्या कमानीचा जुना पाटा. हे पोलाद चांगलं, त्यात कार्बन पुरेसा असतो म्हणून धार टिकते. साध्या सळईची सुरी दिसायला सुरीसारखी होते, पण तिला पाणी चढत नाही.

पाणी देणं म्हणजे काय, ते मी चुकून शिकले. माझं पहिलं पातं लाल करून मी बादलीत बुडवलं. टक् असा आवाज आला आणि उभी चीर पडली. मावशींनी ते हातात घेऊन बघितलं आणि म्हणाल्या, "ह्ये लोखंड तेलाचं हाय, पान्याचं न्हाई." पुस्तकात हीच गोष्ट मला नंतर सापडली. हे पोलाद पाण्यात फार झपाट्यानं निवतं, आत ताण पडतो आणि ते तडकतं. तेलात ते सावकाश निवतं. किती तापवायचं? मी लोहचुंबक लावून बघते. साधारण ७७० अंशांच्या वर लोखंड चुंबकाला चिकटत नाही, त्याहून थोडं पुढं गेलं की तेलात. मावशींना चुंबक लागत नाही. त्या सावलीत धरून रंग बघतात. तेलातून काढलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. ते पुन्हा हलकं शेकावं लागतं. मी ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास ठेवते. मावशी गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग येईपर्यंत जाळावर धरतात. रंग तोच येतो आणि सुरीही तशीच होते. मग कानस, धारेचा दगड, बाभळीची मूठ आणि पितळेचे खिळे.

कुणाला करून बघायचं असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पदर खोचून घ्या आणि अंगावर सुतीच कापड हवं; नायलॉन पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. जळालेल्या बायकांच्या बाबतीत "स्टोव्हचा भडका" हे शब्द आपण किती वेळा ऐकलेत, ते इथं सांगायला नको. दुसरं, जस्ताचा मुलामा असलेलं लोखंड भट्टीत घालू नका, त्याचा धूर विषारी असतो. डोळ्यांना चष्मा लावा. मावशींना मी एक चष्मा दिला. त्यांच्या हातावर ठिणग्यांचे इतके डाग आहेत की गोंदण कुठलं आणि डाग कुठला हे चटकन कळत नाही.

आता मुख्य गोष्ट. पुण्याच्या एका नातेवाईकांनी माझी सुरी बघितली आणि दोन हजार रुपये देऊ केले. जगात या छंदाला मोठा मान आहे. अमेरिकेत सुऱ्या घडवणाऱ्यांची 'अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी' १९७६ साली स्थापन झाली. तिथं परीक्षा असते. लोंबकळणारा जाड दोर एका घावात कापायचा, लाकूड तोडायचं, त्याच धारेनं हातावरचे केस काढायचे आणि शेवटी पातं न तुटता काटकोनात वाकवून दाखवायचं. हे सगळं मी कौतुकानं मावशींना सांगितलं आणि दोन हजारांचंही सांगितलं. म्हटलं, "मी बनवलेली सुरी दोन हजाराला गेली."

मावशी घण खाली ठेवून म्हणाल्या, "घण कुणी मारला?"

मैत्रिणींनो, मी गप्प झाले. माझ्या खांद्यात तेवढा जोर नाही. पाट्याचं पातं होईपर्यंतचे जड घाव मावशींचेच होते. मी सांडशी धरली होती आणि लहान हातोड्यानं जागा दाखवली होती. म्हणजे त्यांचा नवरा जिथं बसतो, तिथं मी बसले होते. आणि तो जसं म्हणतो, तसंच म्हणाले: मी बनवली. तीस वर्षं मी बायकांच्या बैठकांना येते. घरकामाला मोल नाही, शेतात राबणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नाही, हे मी अनेकदा बोलले आहे. तरी सांडशी हातात येताच मी विसरले.

आणखी एक. मी दमले की भट्टी विझवते, कारण ही माझी हौस आहे. त्यांना हे काम जातीनं चिकटवलेलं आहे. भटक्या जमातींच्या यादीत नाव आहे, पण पायाखाली स्वतःची जागा नाही. यंत्रावरची तयार खुरपी बाजारात आली आणि गावोगावचं काम आटलं. मी सुरी केली तर गावात नवल होतं. त्या आयुष्यभर करतात त्याचं कुणाला काही वाटत नाही.

मी ठरवलं की पात्यावर दोघींची खूण मारायची. मावशी म्हणाल्या, "खूण मागनं. आदी मजुरी बोला." बरोबरच होतं. आता विकलेल्या प्रत्येक सुरीचे निम्मे पैसे त्यांच्या हातात देते, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नाही. मग खूण ठरली. माझं एक अक्षर आणि शेजारी तीन ठिपके, त्यांच्या हनुवटीवरच्या गोंदणासारखे. ही बघा.

पण खुणेवर ही गोष्ट संपत नाही. १७ सप्टेंबर २०२३ला केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा व्यवसायांत लोहार आहेत. ओळखपत्र, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, पाच टक्के व्याजानं कर्ज. चांगली गोष्ट. पण नियम असा की एका कुटुंबातून एकच जण, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अविवाहित मुलं. जिथं लोखंड दोघांशिवाय घडतच नाही, तिथं कागदावर कारागीर एकच! मावशींच्या घरातून नवऱ्याचा अर्ज गेला. अर्ज भरणाऱ्यानं मावशींना विचारलं, "तुम्ही काय करता?" त्या उत्तर द्यायच्या आत नवरा म्हणाला, "काही नाही, घरीच असते." त्या वेळी मावशींचा हात घणाच्या दांड्यावर होता.

म्हणून मी आपल्या गटांना तीन कामं सुचवते. तुमच्या गावाजवळ पाल पडलं की तिथल्या बाईशी बोला, तिचं नाव आणि ती काय काम करते ते तिच्या तोंडून ऐका. असंघटित कामगारांची ई-श्रम नोंद कुटुंबाची नसून व्यक्तीची असते; सोळा ते एकोणसाठ वयाच्या बाईची नोंद तिच्या स्वतःच्या नावानं करून द्या आणि कामाच्या रकान्यात लोहारकामच लिहायला लावा. आणि विश्वकर्माच्या अर्जांची पहिली छाननी ग्रामपंचायतीत होते, तिथं विचारा की या घरात घण कोण मारतं. एकाच कारागिराचा नियम बदलायची मागणी आपण सगळ्यांनी मिळून करायची आहे. त्यासाठी सह्यांचा कागद दाराशी ठेवला आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी अंगठा द्यावा. मावशींचा अंगठा त्यावर पहिला आहे.

तुळजापूरला आपण अष्टभुजा देवीच्या हातांतली शस्त्रं बघून हात जोडतो. रस्त्यावरच्या बाईच्या दोन हातांतला घणही बघायला शिकू या.

ही सुरी आता स्वयंपाकघरात घेऊन जाते. दुपारच्या जेवणाचे कांदे चिरायचे राहिलेत, आणि आज ते पुरुष कार्यकर्ते चिरणार आहेत.