कोसळत्या इमारतीची चित्रफीत



न्यूयॉर्कमधील वर्ल्ड ट्रेड सेंटरचे दोन जुळे मनोरे ११ सप्टेंबर २००१ रोजी विमानांच्या आघातानंतर कोसळले, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच दिवशी सायंकाळी ५ वाजून २० मिनिटांनी त्याच परिसरातील सातव्या क्रमांकाची ४७ मजली इमारतही जमीनदोस्त झाली, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसते. या इमारतीवर विमान आदळले नव्हते. उत्तरेकडचा मनोरा पडला तेव्हा त्याच्या जळत्या ढिगाऱ्याने तिला आग लागली. शहराची जलवाहिनी निकामी झाल्याने खालच्या मजल्यांवरील आगप्रतिबंधक फवाऱ्यांना पाणी मिळाले नाही आणि आग जवळजवळ सात तास पसरत राहिली. माणसे आधीच बाहेर पडली होती, त्यामुळे या इमारतीत कोणी दगावले नाही. परंतु एवढी उंच पोलादी इमारत मुख्यतः आगीमुळे समूळ पडल्याचे उदाहरण तोवर नव्हते. साहजिकच ती पडली की पाडली, असा प्रश्न लोक विचारू लागले.

याचे उत्तर शोधण्याचे काम अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेकडे आले. एरवी असा तपास मोडलेल्या तुळया व वाकलेले खांब तपासून होतो. येथे ढिगारा लवकर उचलला गेला होता आणि याच इमारतीचे म्हणून खात्रीने ओळखता येईल असे पोलाद जवळजवळ हाती नव्हते. उरल्या त्या चित्रफिती. जुळे मनोरे व ही इमारत मिळून सुमारे ७,००० चित्रखंड आणि तितकीच छायाचित्रे गोळा झाली. प्रत्येक कॅमेऱ्याचे घड्याळ निराळी वेळ दाखवीत होते. तेव्हा दुसरे विमान आदळल्याचा क्षण प्रमाण धरून, धुराचे आकार, सावल्या व खिडक्यांतील ज्वाला यांच्या आधारे एकेक चित्र कालक्रमात बसविण्यात आले. हे काम कंटाळवाणे खरे, पण पुढचा सारा निष्कर्ष यावरच उभा आहे.

आता चित्रफीत पाहू. प्रथम दिसते ते छतावरील पूर्वेकडचे यंत्रघर मधोमध दुमडून आत खचताना. दर्शनी भिंत त्या वेळी जागच्या जागी उभी असते. सुमारे ७ सेकंदांनी उत्तरेकडची संपूर्ण भिंत खाली येऊ लागते. पुष्कळदा दाखविल्या जाणाऱ्या तुकड्यांत हा आरंभीचा भाग कापलेला असतो. तो कापला की इमारत एकाएकी पडली असे वाटते. तो पाहिला की आतला सांगाडा आधी ढासळला आणि बाहेरचे कवच मागाहून आले, हे लक्षात येते.

यापुढचा भाग आपल्यापैकी जे भौतिकशास्त्र शिकवितात त्यांच्या विशेष आवडीचा आहे. त्या चित्रफितीत दर सेकंदाला सुमारे ३० चित्रे असतात. इमारतीच्या मजल्यांची उंची नकाशांवरून ठाऊक असते. छताची कड प्रत्येक चित्रात किती खाली आली हे मोजले की वेगाचा आलेख तयार होतो. ऑगस्ट २००८ मधील मसुद्यात संस्थेने केवळ सरासरी दिली होती: छताची कड १८ मजले, म्हणजे सुमारे ७४ मीटर, खाली येण्यास ५.४ सेकंद लागले. निर्वेध पडणाऱ्या वस्तूस ३.९ सेकंद लागले असते. यावर जाहीर चर्चेत एका माध्यमिक शाळेतील भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने आक्षेप घेतला. सरासरीत मधला मुक्त पतनाचा काळ झाकला जातो, असे त्याने स्वतः केलेल्या मोजमापावरून दाखविले. नोव्हेंबर २००८ च्या अंतिम अहवालात संस्थेने गतीचे तीन टप्पे मांडले. पहिल्या १.७५ सेकंदांत कड जेमतेम दोन मीटर उतरली. मुक्त पतनात ती १५ मीटर उतरली असती. पुढील २.२५ सेकंद तिचा प्रवेग गुरुत्वप्रवेगाइतकाच होता आणि त्या अवधीत ती सुमारे ३२ मीटर, म्हणजे आठ मजले, खाली आली. शेवटच्या १.४ सेकंदांत वेगवाढ पुन्हा मंदावली.

मुक्त पतन म्हणजे सुरुंग, असे काहींनी लगोलग अनुमान काढले. आलेख तेवढे सांगत नाही. त्या सव्वादोन सेकंदांत खालून जाणवण्याजोगा आधार नव्हता, इतकेच तो सांगतो. आधार का नव्हता, हे अन्य पुराव्यावरून ठरवावे लागते. संस्थेचा निष्कर्ष असा: तापलेल्या तुळया लांबल्या, त्यांनी १३ व्या मजल्यावरील मुख्य तुळई ७९ क्रमांकाच्या स्तंभावरील बैठकीवरून ढकलली, खालचे मजले एकावर एक कोसळले आणि नऊ मजल्यांच्या उंचीत बाजूचा आधार गमावलेला तो स्तंभ वाकला. हा स्तंभ नेमका त्या पूर्वेकडच्या यंत्रघराखाली होता. बाहेरचे स्तंभ शेवटी आठ मजल्यांच्या पट्ट्यात वाकले. स्तंभ तोडण्याइतका स्फोट झाला असता तर अर्ध्या मैलावरही १३० ते १४० डेसिबल आवाज पोहोचला असता. असा आवाज कोणत्याही ध्वनिमुद्रणात आढळला नाही. ध्वनीचा हा पुरावा मला सर्वांत वजनदार वाटतो.

तरी वाद संपला नाही. अलास्का विद्यापीठातील अभियंत्यांच्या २०२० च्या अहवालाने आगीचे कारण नाकारले. सर्व स्तंभ जवळजवळ एकाच वेळी निकामी झाले, असे त्यांचे मत आहे. यंत्रघर सात सेकंद आधी का खचले, याचा उलगडा करताना ते मत मला तोकडे वाटते. मात्र संस्थेच्या संगणकीय प्रतिकृतीतील भिंती शेवटच्या टप्प्यात जितक्या चुरगळतात तितक्या चित्रफितीत दिसत नाहीत, हा टीकाकारांचा मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही. प्रतिकृतीची काही माहिती सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणास्तव २००९ मध्ये रोखून धरण्यात आली. शासकीय यंत्रणेने निष्कर्ष जाहीर करावा आणि आकडे मागे ठेवावेत, याने संशय वाढतो, हे येथे बसलेल्या अधिकाऱ्यांना मी वेगळे सांगावयास नको.

फ्लॉरिडातील सर्फसाइड येथे २४ जून २०२१ रोजी एका बारा मजली निवासी इमारतीचा मोठा भाग कोसळून ९८ माणसे मृत्यू पावली. शेजारच्या इमारतीवरील पहारा-कॅमेऱ्यात आधी मधला भाग व काही सेकंदांनी पूर्वेकडचा भाग पडताना दिसतो. परंतु तपासाला वळण देणारी चित्रफीत निराळीच आहे. इमारत पडण्यापूर्वी काही मिनिटे रस्त्यावरून कोणी सहज टिपलेल्या त्या दृश्यात मनोरा दिसतच नाही. दिसते ते तळघरातील वाहनतळाचे प्रवेशद्वार, छतातून कोसळणारे पाणी आणि जमिनीवर पडलेला काँक्रीटचा ढीग.