टिटवी दिसली, पण कुठे?

कुणी भाकरी थापत असाल, कुणी रानातून येऊन नुकत्याच टेकला असाल. पाच मिनिटं कान इकडे द्या. आज बचतीचं नाही, पाखरांचं बोलायचंय.

आमच्या गटाच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले की आम्ही आणखी एक वही काढतो. महिनाभरात कुणाला कोणतं पाखरू दिसलं, ते त्यात लिहायचं. आमचं गाव निफाड तालुक्यातलं, नांदूर मध्यमेश्वरचं पाणी जवळ. २०२० साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. हिवाळ्यात लांबून माणसं तिथे पक्षी बघायला येतात. म्हटलं, आपण तर बारा महिने इथेच असतो, मग नोंद आपण का ठेवू नये?

वही चाळली की अख्खं वर्ष दिसतं. थंडीत पाण्यावर चक्रवाक, थापट्या बदकं, आणि ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्या. उन्हाळ्यात तांबटाची टुकटुक. मृगाच्या सुमाराला पावशाचं ‘पेरते व्हा’ आणि आफ्रिकेतून येणारा चातक. पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे. नाव बाईचं, पण खोपा विणतो नर! मादी येऊन अर्धा झालेला खोपा बघते, पसंत पडला तरच थांबते. हे सांगितलं त्या दिवशी बैठक हसण्यातच संपली.

पण एक चूक माझ्या हातून झाली, ती आज सांगते.

दोन वर्षांपूर्वीची मे महिन्यातली बैठक. आमच्या गटातल्या सगळ्यात थोरल्या आक्का म्हणाल्या, “खालच्या पडीक तुकड्यात टिटवीनं चार अंडी घातलीत बघ.” आक्कांना लिहिता येत नाही. मी बी. ए. झालेली, वही माझ्या हातात. मी लिहिलं, ‘टिटवी, एक.’ आणि पुढच्या बाईकडे वळले. टिटवी काय, रोजचीच. मला चक्रवाकाचं कौतुक!

तिसऱ्या दिवशी त्या तुकड्यात ट्रॅक्टर फिरला. रान आमच्याच गटातल्या एका ताईंचं होतं. त्या बैठकीला आल्या नव्हत्या. मी सांगायला गेले तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “अगं, आधी सांगितलं असतंस तर तेवढी जागा सोडली असती. मला काय जड होतं?” आक्का मला काहीच बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते. ती खड्यांसारखीच दिसतात. रानात वाकून काम करणारीलाच ती दिसणार, ट्रॅक्टरवर बसलेल्याला नाही.

तेव्हापासून वहीत दोन रकाने वाढले: ‘कुठे’ आणि ‘कुणाला सांगितलं’. गेल्या उन्हाळ्यात पुन्हा आक्कांनाच अंडी दिसली. त्याच संध्याकाळी रानमालकाला निरोप गेला. त्यांनी चार पावलांवर एक काठी रोवली आणि तेवढी जागा सोडून नांगरट केली. साधारण चार आठवड्यांत पिल्लं बाहेर पडून आईमागे पळायला लागली.

एक मात्र सांभाळा. घरट्याची जागा फक्त रानमालकाला सांगायची, गावभर नाही. बघायला गर्दी केली, फोटो काढत बसलं, की टिटवी अंड्यांवरून उठते आणि कावळ्या-कुत्र्यांचं फावतं.

५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून तो पाळतात. तोवर तुमच्या गटातही एक वही सुरू करा. तारीख, जागा, पाखरू, किती होती, काय करत होती, एवढं पुरे. पुस्तकातलं नाव येत नसेल तर तुमच्या आजीनं शिकवलेलं लिहा. आणि जिला लिहिता येत नाही, तिला आधी विचारा.

येते मी. नमस्कार.