कोष्टकांत नसलेला रकाना

इ. स. १८६९ मध्यें मेन्डेलेएफ या रशियन रसायनशास्त्रज्ञानें मूलद्रव्यांचें आवर्त कोष्टक मांडलें, तेव्हां अज्ञात द्रव्यांसाठीं त्यानें कांहीं घरें मोकळीं सोडलीं होतीं. १८७५ सालीं त्यांपैकीं एका घरांत गॅलियम येऊन बसलें. परंतु ज्याच्यासाठीं एकहि घर राखलेलें नव्हतें असा एक सबंध गण पुढें उपस्थित झाला, तेव्हां कोष्टकाची खरी कसोटी लागली.

प्रारंभ झाला तो वजनांतील एका क्षुल्लक फरकानें. हवेंतून इतर वायु काढून टाकल्यावर उरणारा नत्रवायु लिटरला १·२५७ ग्रॅम भरे. संयुगांपासून काढलेला मात्र १·२५१ च. दुसरा एखादा हा फरक हातचुकीवर ढकलून मोकळा झाला असता. लॉर्ड रॅले यांनीं तो १८९२ सालीं उघडपणें शास्त्रज्ञांपुढें ठेवला. मग विल्यम रॅम्से यांनीं हवेंतील नत्रवायु तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुनःपुन्हां नेऊन शोषून टाकला. तरी थोडा वायु उरलाच. १७८५ मध्यें कॅव्हेंडिश यांच्या नळींतहि असाच एक बुडबुडा राहिला होता. शंभर वर्षें त्याकडे कोणीं ढुंकून पाहिलें नाहीं!

१८९४ सालीं जाहीर झालेला हा वायु कशाशींच संयोग पावेना, म्हणून त्याला आर्गॉन म्हणजे ‘आळशी’ हें ग्रीक नांव मिळालें. आतां पंचाईत अशी कीं, गण ओळखावयाचा तो मुख्यतः संयोगशक्तीवरून. सोडियम व पोटॅशियम क्लोरीनचा एकेक अणु घेतात, म्हणून तीं एका रकान्यांत. कॅल्शियम दोन घेतें, म्हणून तें शेजारच्या. ज्याची संयोगशक्तिच शून्य, त्याचा गण कोणता? त्या वायूंतील ध्वनीच्या वेगावरून तो एकाणुक ठरला व अणुभारांक सुमारें ४० आला. भाराच्या क्रमानें बसवावें, तर पोटॅशियम (३९) व कॅल्शियम यांच्यामध्यें तो घुसतो आणि रकान्यांची सारी संगति बिघडते. नत्रवायूचेच तीन अणु एकत्र आले असावेत, अशी शंका खुद्द मेन्डेलेएफनें घेतली.

उलगडा केला तो आर्गॉनच्या भाऊबंदांनीं. सूर्याच्या वर्णपटांत पूर्वींच दिसलेला हेलियम १८९५ सालीं रॅम्से यांना एका खनिजांत सांपडला. १८९८ मध्यें त्यांनीं व ट्रॅव्हर्स यांनीं क्रिप्टॉन, निऑन व झेनॉन शोधले. एकटा आर्गॉन अपवाद म्हणून बाजूला सारतां आला असता. पांच जणांचें कुटुंब कसें सारणार? क्लोरीनच्या व सोडियमच्या गणांमध्यें शून्य संयोगशक्तीचा नवा रकाना घालतांच पांचहि नीट बसले, आणि मेन्डेलेएफनेंहि तो रकाना मान्य केला. भाराची उलटापालट १९१३ मध्यें मोझ्ले यांच्या क्ष-किरणांवरील प्रयोगांनंतर उलगडली: क्रम भाराचा नसून अणुक्रमांकाचा, आणि आर्गॉन १८ वा तर पोटॅशियम १९ वें. आळशीपणाचा शिक्का मात्र सर्वांना सारखाच लागू नव्हता. १९६२ सालीं बार्टलेट यांनीं झेनॉनला संयोगास प्रवृत्त केलें.